वाडीच्या शाळेत शौचालय आहे, पण मुली जात नाहीत. पालकांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मुलामुलींची वेगळी शौचालयं आहेत, भिंतीवर स्वच्छतेची चित्रंही रंगवलीत, तरी तुमची मुलगी दिवसभर लघवीला जात नाही आणि घरी आली की ओटीपोटात दुखतं म्हणते. मी सिंधुदुर्गात अशाच शाळांत 31 वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिची पाण्याची बाटली बघा. सकाळी भरून दिलेली संध्याकाळी तशीच परत येते का? पाणी प्यायलं की जावं लागतं, हे पोरींना पहिलीतच उमगतं. मग त्या पाणीच पीत नाहीत. कमी पाणी आणि वर दाबून ठेवणं, यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग सहज होतो. दुखण्याबरोबर जळजळ किंवा ताप असेल तर आधी डॉक्टर, शाळेचं मग बघू.

आमच्या एका शाळेत मी आठवडाभर मुलींना समजावत होते, जंतूंची माहिती देत होते. शेवटी चौथीतली एक हळूच म्हणाली, "बाई, कडी लागणा नाय." जाऊन बघितलं, तर खाऱ्या हवेने कडी गंजून अर्धी झालेली आणि दार पावसात फुगून चौकटीला अडकलेलं. एक आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. मैत्रीण गैरहजर असली की त्या दिवशी जायचंच नाही! सुताराने दाराला रंधा मारला, मी स्टीलची कडी आणली. मुली जायला लागल्या आणि चार दिवसांत टाकी कोरडी पडली. तोवर कोणी वापरतच नव्हतं, म्हणून पाणी पुरत होतं.

खरी गोम पाण्यात आहे. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसतो. जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. त्यात ठेकेदार शहरी घरातलं भांडं बसवून जातो, ज्याला दर वेळी अर्धी बादली ओतावी लागते. जास्त उताराचं भांडं मिळतं, गवंडी त्याला रूरल पॅन म्हणतात, ते दीड-दोन लिटरात साफ होतं. दुरुस्ती निघाली तर तेच मागा. आणि शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नाही ना, तेही बघून या. जांभ्यातून पाणी झिरपतं तशी घाणही झिरपते. विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकल्यावर अर्ध्या तासाने आरोग्यसेवकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून घ्या. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर पावडर नुसती वहीत पडली असं समजा.

आता धुणार कोण? प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. पोरांनी वर्ग झाडावा, खराट्याने आवार लोटावं, याला माझी ना नाही. पण शौचालय पोरांकडून धुवून घेऊ नये. त्यातही कुठल्या घरातल्या पोरांना हाक मारली जाते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तसलं काही दिसलं तर गप्प बसू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून लहान पटाच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये मिळतात, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. हजार रुपयांत वर्षभर धुणारं माणूस मिळत नाही, फिनेल आणि ब्रश येतो. म्हणून गुरुजींवर चिडून उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण निम्म्या जागा बायकांच्या, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. बैठकीत ठराव घ्या, तो ग्रामपंचायतीत न्या, रोज येणाऱ्या बाईच्या मानधनाची मागणी लेखी करा. तोंडी बोललेलं गणपतीनंतर कोणाला आठवत नाही.

साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. उघडा ठेवलात तर कावळा नेतो. हसू नका, आमचे बरेच गेले.

पावसाळ्यात एक वेगळी गोष्ट. पोरं शेताच्या बांधावरून चिखल तुडवत येतात, पायाला काटा लागलेला असतो. लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे पसरणारा ताप, आपल्या जिल्ह्याला नवा नाही. उंदराच्या मुताचं पाणी जखमेतून आत जातं. शाळेत आल्यावर पाय साबणाने धुवायची सोय पायरीशीच हवी, आणि या दिवसांत ताप आला तर दोन दिवस घरी काढा पाजत बसू नका.

पैशाचं म्हणाल, तर गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा गाठा. दरवर्षी कोणी ना कोणी शाळेला स्पीकर नाहीतर घड्याळ देतो, आमच्याकडे चार घड्याळं होती आणि चारही वेगळी वेळ दाखवायची. टाकी आणि मोटर मागा. देणगीदाराचं नाव टाकीवर रंगवू नका, वर चढून कोण वाचणार? खाली नळाशी लिहा.