कंडोम फाटल्यानंतरचे 72 तास आणि त्याआधीची गोळी

प्रश्न : बुधवार पेठेत धंदा करणाऱ्या बायकांमध्ये मी पीअर (आपल्यातल्याच बायकांना माहिती आणि मदत देणारी कार्यकर्ती) म्हणून काम करते. कंडोम फाटला की दुसऱ्या दिवशी त्या 'एचआयव्ही न होण्याची गोळी' मागतात. ती कोणती, आणि कुठे मिळते?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, गोळ्या दोन आहेत आणि घोळ तिथेच होतो. धोका होऊन गेल्यावर घ्यायची ती पेप. धोक्याच्या आधीपासून घेत राहायची ती प्रेप. कंडोम कालच फाटला असेल तर आज पेपच हवी.

पेपचं घड्याळ संबंधाच्या क्षणापासून चालू होतं. 72 तासांनंतर ती सुरू करत नाहीत, पण 72 तास हातात आहेत असं समजू नका. पहिली गोळी दोन तासांत पोटात गेली तर उत्तम, त्यानंतर जितका उशीर तितका उपयोग कमी. म्हणून रात्री दोन वाजता झालं तर सकाळी एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) उघडायची वाट बघत बसू नये, मोठ्या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी. योनीच्या आत साबण किंवा डेटॉलने धुऊ नये. त्याने नाजूक त्वचा सोलवटते आणि धोका वाढतो.

काही ठिकाणी 'ही औषधं नर्स-डॉक्टरांना सुई टोचली तर देतात' असं सांगून परत पाठवतात. ते चुकीचं वाटलं तरी वाद घालण्यात तास घालवू नका. चिठ्ठी लिहून मागा आणि बाहेरच्या मेडिकलमधून घ्या. टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम अशी तिन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. रोज एक, 28 दिवस. रक्ततपासणी हवीच, पण रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवू नये. जबरदस्ती झाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सरकारी असो की खासगी, रुग्णालयाला तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात, आणि त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही.

कोर्स बिघडतो तो बहुतेक दोन कारणांनी. चौथ्या-पाचव्या दिवशी मळमळतं म्हणून बाई गोळी सोडते. ती रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, त्रास कमी होतो. दुसरं कारण कुणी विचारतच नाही : रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध सोबत घेतलं की डोल्युटेग्राविर पोटात नीट शोषलं जात नाही. पेपची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. टीबीची औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण रिफाम्पिसिनमुळे डोस वाढवावा लागतो. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

एकच बाई वर्षात दुसऱ्यांदा पेप मागायला आली, तर तिला प्रेपची गरज आहे हे ओळखा. 28 दिवस पूर्ण झाले, तपासणी निगेटिव्ह आली, की मध्ये खंड न पाडता प्रेप सुरू करता येते.

प्रश्न : मी प्रेप घेत होते. घरवालीने (कोठी चालवणाऱ्या बाईने) डबी बघितली आणि हिला रोग आहे असं सगळीकडे सांगितलं. मी गोळी सोडली.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्यावर अन्याय झाला आहे. गैरसमजाचं कारण असं : प्रेपच्या गोळीत टेनोफोविर 300 आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलिग्रॅम असतं, आणि हीच औषधं उपचारातही वापरतात. डबीवरचं नाव मोबाइलवर शोधलं की 'एचआयव्हीचं औषध' असंच दिसतं. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत आणि म्हैसूरमध्ये प्रेपचा प्रयोग झाला तेव्हा तो धंद्यातल्या बायकांच्याच संघटनांनी चालवला. वस्तीला आधी माहिती मिळाली की डबी बघून कुणी दचकत नाही. तुमच्याकडेही घरवालीशी पीअरताईंनी बोलावं, एकटीने समजावत बसू नका.

डबी लपवायची म्हणून गोळ्या कागदात बांधू नका, दमटपणाने खराब होतात. आत ओल शोषणारी छोटी पुडी असते, ती तशीच राहू द्या. खुळखुळ आवाज येतो तो वर कापसाचा बोळा ठेवला की थांबतो. वरचं लेबल काढलं तरी चालेल, पण औषधाचं नाव आणि मुदत लिहून ठेवा.

पुन्हा सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी नक्की करा. मधल्या काळात लागण झाली असेल, तर या दोन औषधांनी विषाणू पूर्ण दबत नाही आणि तो त्यांना दाद देईनासा होतो. नुकताच ताप, घसादुखी किंवा अंगावर पुरळ येऊन गेलं असेल तर तेही सांगा, कारण अगदी ताज्या लागणीत रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. योनीमार्गात औषध हळू साठतं, म्हणून पहिले तीन आठवडे कंडोमवरच भिस्त ठेवा. बायकांनी एकही दिवस चुकवू नये. चुकलाच तर आठवताक्षणी एक गोळी, दोन नाही.

प्रश्न : मी विवाहित पुरुष आहे. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी पुरुषाशी संबंध येतो. रोज प्रेपची गोळी घ्यायलाच हवी का? आणि तपासणीचं घरी कळेल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : रोज घेण्याची गरज नाही. भेट शनिवारी रात्री नऊला ठरली असेल तर सातच्या आत दोन गोळ्या एकदम घ्या. कमीत कमी दोन तास आधी, जास्तीत जास्त 24 तास. मग रविवारी सातला एक, सोमवारी सातला एक. रविवारीही संबंध आला तर शेवटच्या संबंधानंतर दोन दिवसांपर्यंत रोज एक घेत राहा. हिपॅटायटिस बी असेल तर ही पद्धत स्वतःहून वापरू नका, कारण गोळी सुरू-बंद झाली की यकृताला सूज येऊ शकते. म्हणून आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या चार तपासण्या. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिस. सिफिलिसला ही गोळी अडवत नाही, आणि तो पत्नीपर्यंत पोहोचतो.

2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तपासणी मोफत होते. जवळचं केंद्र 1097 या मोफत क्रमांकावर कळेल. प्रेप मात्र चिठ्ठीवर, बहुधा खासगी डॉक्टर किंवा संस्थेच्या क्लिनिकमधून घ्यावी लागते.

प्रश्न : मी तृतीयपंथी आहे, इस्ट्रोजेन घेते. प्रेपने हार्मोन उतरतात असं गुरूबहिणी म्हणतात.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : प्रेपमुळे हार्मोनचं काम थांबत नाही. उलट इस्ट्रोजेनमुळे टेनोफोविरची पातळी थोडी कमी होऊ शकते, म्हणून वर नाशिकच्या वाचकांना सांगितलेली पद्धत तुमच्यासाठी नाही. तुम्ही रोज एक घ्या. डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगा, आणि हार्मोन विनाचिठ्ठी घेत असाल तर तेही सांगा.