नाशिक जिल्हा एवढा पुढे गेला, तरी पेठ-सुरगाणा तालुके मागे आणि बायकांच्या हाती पैसा का नाही?

पेठ-सुरगाण्यात पाऊस आमच्या निफाडपेक्षा कितीतरी जास्त. पण डोंगरउतारावरचं पाणी दमणगंगा, नार-पार या नद्यांतून पश्चिमेला निघून जातं. कालवा मिळाला तो पालखेड धरणाखालच्या आम्हाला, आणि कारखाने गेले नाशिक शहराच्या सातपूर-अंबडला. म्हणून तिथे पावसाळी भात-नागली, आणि ती आटोपली की तीच माणसं पिकअपमध्ये बसून आमच्या बागांत येतात.

आता बायकांचं. द्राक्षाची विरळणी बायकाच करतात. दिवसभर मान वर, हातात बारकी कात्री, घडातला कुठला मणी ठेवायचा ते नजरेनं ठरवायचं. एक्स्पोर्टचा माल त्यावर बनतो. तरी म्हणायचं हलकं काम, आणि गड्यापेक्षा रोज कमी द्यायचा. समान मोबदल्याचा कायदा १९७६ सालीच झाला!

माझ्या आईनं बाग उभी केली. सोसायटीचं कर्ज, औषधांची उधारी, मुकादमाचा हिशेब, सगळं तिच्याकडे. सातबाऱ्यावर मात्र वडील. ते गेले, तेरावं उरकलं आणि चुलते हक्कसोडपत्र तयार करूनच आले. "तायडे, सही कर. लग्नात दिलं की तुला." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात भाऊ बाकावर गप्प बसलेला. मी म्हटलं, लग्नाचा खर्च वेगळा, वाटा वेगळा; सही करणार नाही. हेच चुलते १९८६ ला शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला छातीवर लाल बिल्ला लावून राबले होते. संघटनेचे नेते शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्ती मांडली, बायकोच्या नावे जमीन करा म्हणाले, तेव्हाही यांनी टाळ्या वाजवल्या. काकूचं नाव उताऱ्यावर आजही नाही.

आमच्या भाऊबिजा बंद झाल्या. पण आईचं आणि माझं नाव लागलं, आणि पीककर्ज आता आईच्या नावावर निघतं. पैसा बाईच्या हाती यायचा रस्ता हाच. बचत गटाची पापडं लाटून तो येत नाही. तुम्हाला बहीण असेल तर तिच्यापुढे तो कागद ठेवू नका. बहीण तुम्ही असाल तर सही करू नका, माहेर तुटेल म्हणून कोणी कितीही घाबरवलं तरी.

सगळेच भाऊ असे नसतात, हे मान्य. आणि एक राहिलं: मुलीला मुलाइतका वाटा देणारी २००५ ची दुरुस्ती ज्या हिंदू वारसा कायद्यात झाली, तो अनुसूचित जमातींना लागूच नाही. माझ्या बागेत विरळणीला येणाऱ्या पेठच्या कोकणा बायकांचा वारसा रूढीवर चालतो. मी ज्या कलमाच्या जोरावर त्या कार्यालयातून सही न करता उठले, ते त्यांच्याकडे नाही.