ओटीचं सामान पिशवीतच राहिलं

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे नाशिकचे, वय ५९, नुकतेच निवृत्त झालेले. संसारात कधी दोघंच असे बाहेर पडले नव्हते, म्हणून यंदा स्वतःच्या गाडीनं नाशिक ते कन्याकुमारी निघालेत. कोल्हापुरात एक दिवस मुक्काम होता. सकाळी अंबाबाई, मग न्यू पॅलेस, जोतिबा, पन्हाळा आणि संध्याकाळी खिद्रापूर असा बेत. पन्हाळ्यावर तीन दरवाज्यापाशी पत्नी म्हणाल्या, "तुम्ही बघून या, मी इथंच बसते." रात्री जेवल्याही नाहीत. आता दोघं धारवाडला भाचीकडे थांबलेत आणि हे विचारतात, "हिला फिरायची आवडच नाही. इथूनच परत फिरू का?"

दादा, परत फिरू नका. वहिनींना फिरायची आवड नाही, असं तुमच्या पत्रात मला कुठं दिसलं नाही. उलट दोन ओळी तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथंच अडखळले.

पहिली ओळ: "रांग मोठी होती म्हणून मुखदर्शनावर भागवलं, ओटीचं सामान पिशवीतच राहिलं." अहो, साडी, खण, नारळ त्यांनी नाशिकहून बांधून आणलं होतं. मी कोल्हापूरचीच. हातात ओटीचं ताट धरून तासन् तास रांगेत उभ्या राहिलेल्या बायका लहानपणापासून बघत आलेय. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी नवस बोललेली असते, कुणी नवऱ्याच्या आजारपणात. वहिनी काय बोलल्या होत्या, हे तुम्हाला ठाऊक आहे का? लांबून मुख दिसलं तरी ओटी भरल्याचं समाधान त्यात नसतं. ती पिशवी मागच्या सीटवर ठेवून त्या दिवसभर तुमच्याबरोबर फिरल्या. तीन दरवाज्यापाशी बसल्या त्या पाय दुखले म्हणून नव्हे, असं मला वाटतं.

दुसरी ओळ: "गाडीत पाणी असून दिवसभर घोटभरच प्यायली, मग डोकं दुखतंय म्हणाली." प्रवासात बायका पाणी का पीत नाहीत, हे घरातल्या पुरुषांना क्वचितच सुचतं. तुम्ही कुठंही कडेला गाडी लावू शकता. त्यांना स्वच्छ बाथरूम कुठं मिळेल याचा भरवसा नसतो आणि सारखं "थांबवा हो" म्हणायचा संकोच वाटतो. एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही वाटतो. म्हणून तहान मारतात, मग डोकं चढतं, जेवण जात नाही. यापुढे दर दोन तासांनी बरासा पेट्रोल पंप किंवा हॉटेल बघून तुम्हीच गाडी थांबवा. त्यांनी सांगायची वाट बघू नका.

आता तुमच्या बेताचं. पन्हाळा शहराच्या वायव्येला वीसेक किलोमीटर, खिद्रापूर पूर्वेला साठच्या आसपास. म्हणजे मुक्कामाच्या दिवशीही दीडशेच्या वर गाडी चालली आणि तिथल्या कोपेश्वराच्या देवळात तुम्ही पोचलात अंधार पडल्यावर. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. त्यातून उजेड उतरतो तेव्हा खालचे खांब बघायचे असतात. रात्री काय दिसणार?

तुमची ओढ मला कळते. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज ज्या गडावरून विशाळगडाकडे निघाले, तिथं उभं राहिल्यावर ऊर भरून येतोच. पण ते तुमचं मागणं होतं, आणि ते पूर्ण झालं. त्यांचं एकच होतं, तेच राहिलं.

येताना कोल्हापुरात दोन रात्री काढा. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा, गर्दी फार असते. पहिल्या दिवशी सकाळी रांगेत त्यांच्याबरोबर उभे राहा, घड्याळ न बघता. ओटी भरून झाली की महाद्वार रोडवर त्यांना हवं तेवढं रेंगाळू द्या. साज बघतील, चपला बघतील, घेतीलच असं नाही. दुपारी तांबडा-पांढरा जेवून खोलीवर आडवे व्हा. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. बस्स. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही एकटे पन्हाळ्यावर जा, अंबरखाना, सज्जाकोठी मनसोक्त बघा. त्या निवांत उठतील. काही तास वेगळे काढल्यानं काही बिघडत नाही. खिद्रापूर पुढच्या खेपेला, सकाळचं.

आणि हे बोलणं भाचीसमोर काढू नका, गाडी चालवतानाही नको. आज जेवणं झाल्यावर दोघंच फिरायला बाहेर पडा. आवडनिवड, राग, पुढचा रस्ता हे सगळं नंतर. आधी एवढंच विचारा, "अंबाबाईला काय बोलली होतीस?" आणि त्या सांगतील ते पुरतं ऐकून घ्या.