झपाटलेल्या इंग्लिश हवेलीवरची चांगली रहस्यकादंबरी कोणती?

तुम्ही विचारलंय की भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं बहुतेक सगळं वाचून झालंय, आता इंग्लंडमधल्या एखाद्या झपाटलेल्या जुन्या हवेलीवरची कादंबरी सुचवा, आणि अट काय तर शेवटी भूत म्हणजे चादर पांघरलेला माळीबुवा निघायला नको. मग डोळे मिटून सॅरा वॉटर्सची 'द लिटल स्ट्रेंजर' घ्या. २००९ सालची आहे, त्या वर्षी बुकर पुरस्काराच्या शॉर्टलिस्टमधे होती. चांगली जाडजूड आहे, आणि सुरुवातीला बराच वेळ भुताचा पत्ताच नाही म्हणून लोक मधेच सोडून देतात, तेवढं करू नका.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची, वॉरविकशायरमधली. हंड्रेड्स हॉल ही एअर्स घराण्याची हवेली, आणि घराण्याचे वासे फिरलेत. घरात विधवा मालकीणबाई, मुलगा रॉडरिक जो एअरफोर्समधून जायबंदी पाय घेऊन आलाय आणि दिवसभर हिशेबाच्या कागदांत डोकं खुपसून बसतो, मुलगी कॅरोलिन, तिचा म्हातारा कुत्रा, आणि राहती मोलकरीण म्हणाल तर चौदा वर्षांची बेटी, बस. अर्ध्याअधिक खोल्या बंद, कुठे छत गळतंय, कुठे वॉलपेपर सुटलाय. एक दिवस ही बेटी पोट दुखतंय म्हणून पडून राहते, डॉक्टर येतो, तर पोटाबिटाला काही झालेलं नाही, पोरीला त्या घराचीच भीती वाटतेय. तो डॉक्टर फॅरडे, आणि पूर्ण कादंबरी त्याच्याच तोंडून आहे.

सगळी मेख ह्या डॉक्टरमधे आहे. त्याची आई कधीकाळी ह्याच हवेलीत मुलं सांभाळायला होती, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन ह्याला डॉक्टर केलं. १९१९ साली, दहा वर्षांचा असताना, हवेलीत एक समारंभ असतो तेव्हा आईच्या ओळखीने त्याला आत जायला मिळतं. तिथे भिंतीवर प्लास्टरची नक्षी असते, पानं आणि ओकची फळं, तर हा खिशातला चाकू काढतो आणि त्यातलं एक फळ उचकटून खिशात टाकतो. स्वतःच सांगतो की नासधूस करायची नव्हती, घर इतकं आवडलं की त्याचा तुकडा जवळ हवा होता. हे पहिल्या काही पानांतच येतं आणि आपण सहज वाचून पुढे जातो. पुढे जाऊ नका, लक्षात ठेवा!

भुताचा भाग वॉटर्सबाईंनी फार हळूहळू चढवत नेलाय. लाकडावर लहान मुलाने गिरवल्यासारखी अक्षरं उमटलेली सापडतात, आणि मालकीणबाईंची पहिली मुलगी सुझन लहानपणीच घटसर्पाने गेलेली. मला सगळ्यात जास्त टरकवलं ते त्या नळीने. जुन्या इंग्लिश घरांत वरच्या मजल्यावरून खाली नोकरांशी बोलायला एक नळी बसवलेली असायची, एका टोकाला फुंकलं की दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजते, मग शिट्टी काढून कान लावायचा. इथे तशी नळी मुलांच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात येते. ती खोली वर्षानुवर्षं बंद, वर चिटपाखरू नाही, आणि खाली शिट्टी वाजायला लागते. कुणीतरी जाऊन कान लावायलाच हवा ना? रात्री एकट्याने वाचणार असाल तर हे प्रकरण दिवसा उरका.

धारपांच्यात कसं, कितीही भयंकर असलं तरी दुष्ट शक्तींशी लढणारा त्यांचा नायक समर्थ येणार ही खात्री असते. इथे शिकलेला, शहाणा माणूस म्हणजे हा डॉक्टर, आणि कुणी काही विचित्र दिसलं म्हणालं की ह्याचं उत्तर ठरलेलं, थकवा आहे, नर्व्हस आहात, विश्रांती घ्या. सुरुवातीला पटतं. मग हळूच ध्यानात येतं की घरातलं एकेक माणूस खचत चाललंय आणि डॉक्टरसाहेबांचा पाय मात्र त्या घरात जास्तच रुतत चाललाय. म्हणून प्रत्येक घटनेच्या वेळी हा कुठे होता, त्याच्या मनात काय चाललं होतं, एवढं बघत वाचा, मजा डबल होते. आणखी सांगितलं तर मजा जाईल.

काळही नुसता सजावटीपुरता नाही. १९४८ मधे ब्रिटनमधे सरकारी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली, ती येणार म्हणून फॅरडेला प्रॅक्टिसची चिंता, इकडे एअर्स लोकांना जमीन विकावी लागते आणि हवेलीच्या आवारात सरकारी घरं उठतात. खरोखरच त्या काळात करांपायी आणि खर्चापायी अशा शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. गंमत म्हणजे वॉटर्सबाई मुळात भुताचं लिहायला बसल्याच नव्हत्या, जोसेफिन टे यांची १९४८ ची रहस्यकादंबरी 'द फ्रँचाइज अफेअर' नव्याने सांगायची होती, ज्यात एक गरीब घरची मुलगी हवेलीतल्या दोन बायकांवर आळ घेते. त्या मुलीचं नावही बेटीच.

तक्रार एकच, मधे डॉक्टर लग्नाचं घोडं दामटत बसतो ते फार लांबलंय. आणि कुत्र्यांवर जीव असेल तर एका प्रसंगाला मन घट्ट करा.

एवढी जाड नको असेल तर सुझन हिल यांची 'द वुमन इन ब्लॅक' घ्या, १९८३ ची, एका बैठकीत होते, भरती आली की रस्ता पाण्याखाली जातो अशा घराची, सरळसोट भुताची गोष्ट. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' सगळेच सुचवतात पण वाक्यं इतकी वळणावळणाची की भूत येईपर्यंत दम लागतो.

'लिटल स्ट्रेंजर'वर २०१८ मधे पिक्चरही आलाय, लेनी अब्राहमसनचा, डॉमनल ग्लीसन डॉक्टर झालाय आणि काम छान केलंय, पण आधी बघू नका, पुस्तकात जे शेवटपर्यंत मोकळं सोडलंय त्याचं उत्तर पिक्चरवाल्यांनी शेवटी जवळजवळ दाखवूनच टाकलंय. वाचून झाली की शेवटचं पान परत एकदा वाचा आणि सांगा तुम्हाला कोण वाटलं ते, माझा अंदाज तोवर मी लिहीत नाही.