संशय धरणे की घेणे?

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय: "आमच्या वाचनमंडळात बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायातली पेत्राची गोष्ट वाचली. येशूचा हा शिष्य होडीतून उतरून पाण्यावरून त्याच्याकडे चालत जातो, वाऱ्याला घाबरून बुडू लागतो आणि येशू त्याला वाचवतो. पाण्यावर चालता येतं का, हा वाद बाजूला ठेवून ती मनातली गोष्ट म्हणून वाचायची असं ठरलं. त्यात येशू म्हणतो, 'अरे अल्पविश्वासी, तू संशय का धरलास?' पुण्याची भाची म्हणते, संशय घेतात, धरत नाहीत. हा हिंदीचा परिणाम. खरं काय?"

ताई, एरवी आपल्या इंदुरी मराठीवर हिंदीचा आळ खुशाल येऊ द्या, इथे नको. हिंदी बायबलात 'तू ने क्यों सन्देह किया' आहे. हिंदी करते, मराठी धरते. (आमचा नातू 'आजी, विश्वास कर ना' म्हणाला की आजी ठणकावते, "पोळ्या करतात रे, विश्वास ठेवतात!")

राग, अढी, आस, धीर, हट्ट, सगळं आपण धरतोच की. संशय येतो तेव्हा आपला इलाज नसतो. घ्यायला समोर कुणीतरी लागतं: अमक्यावर संशय घेतला. धरलेला संशय मात्र आपल्याच मुठीत असतो. पेत्राने येशूवर संशय घेतलेला नाही. बुडताना हाक त्यालाच मारली. तिथे 'घेतलास' म्हटलं की अर्थच फिरतो.

आणि त्याच्या आधीचे शब्द पाहा. येशूने हात पुढे करून त्याला 'धरले', आणि लगेच विचारलं, संशय का 'धरलास'? ग्रीकमध्ये ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. ही गंमत मराठीत साधली. संशयाच्या ग्रीक क्रियापदात 'दोन' दडलेत, आपल्या 'द्विधा'सारखे.

मनातली गोष्ट म्हणून वाचताना मी आणखी एका जागी थांबेन: 'वारा पाहून तो भ्याला.' वारा कधी दिसतो का हो? दिसतात त्या लाटा. वारा पाहायला कल्पनाच लागते. 'मला पाण्यावरून येण्याची आज्ञा करा' असं जिने त्याच्याकडून म्हणवून घेतलं, तिनेच आता बुडण्याचं चित्र रंगवलं.

राहता राहिला 'अल्पविश्वासी'. काहीजण तो 'अविश्वासी'सारखा वापरतात, पण अल्प म्हणजे थोडा, शून्य नव्हे. ग्रीक शब्दाची घडणही हीच. या प्रसंगात हे बोलणं ऐकावं लागलं ते होडीतून उतरलेल्या एकट्यालाच. बाकीचे आतच बसून होते.