मॉडेल चांगलं आहे, मग वापरत का नाहीत?

प्रोग्रामला मोजकेच अधिकार देणारं सुरक्षेचं मॉडेल चांगलं असूनही लोक ते वापरत का नाहीत, हा तुझा प्रश्न रास्त आहे. प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार हाती द्यावेत, या विचाराचा पाया असलेली केपेबिलिटीची (म्हणजे ठरावीक गोष्ट वापरू देणाऱ्या किल्लीसारख्या परवानगीची) कल्पना संगणकशास्त्रज्ञ जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्येच मांडली. तरी आजही डेस्कटॉपवरचा साधा एडिटर सहसा तुझ्या होम फोल्डरमधली कुठलीही फाइल वाचू शकतो. लिनक्ससारख्या सिस्टिम ज्या युनिक्सच्या वळणावर बनल्या, त्याच्या परवानग्या कोण वापरतंय हे बघतात, कुठला प्रोग्राम हे नाही, आणि कित्येक दशकांचं सॉफ्टवेअर त्याच गृहीतकावर उभं आहे. ते बदलायचा खर्च आत्ताचा, रोख. फायदा म्हणजे न झालेला हल्ला. तो कुणाला दिसतच नाही, त्यामुळे त्यासाठी वेळ मागणं फार जड जातं.

मीही एकदा सर्व्हर चालेना म्हणून एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्रामवर कडक नियम लावणारी यंत्रणा, सरळ बंद केलं होतं. तू तसं करू नकोस. परमिसिव्ह मोडमध्ये ठेव (त्यात नियम मोडला तरी अडवत नाही, फक्त नोंद होते), त्या नोंदींचा लॉग वाच, नेमकं काय अडतंय ते कळलं की तेवढाच नियम घाल.

आणि ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं प्लेज जरूर बघ, त्यात प्रोग्राम स्वतःच पुढे काय काय करणार ते जाहीर करतो. जुन्या प्रोग्राममध्येही थोड्याशा ओळी घालून त्याचे अधिकार आवळता येतात, सगळं नव्याने लिहावं लागत नाही. मला तर हीच वाट सगळ्यात आशेची वाटते. स्वतःच्या एखाद्या छोट्या प्रोग्रामवर करून बघ, अडलास तर विचार.