जनुकं आणि वार्धक्य यांवर एवढं संशोधन चालतं, त्यातून साध्या माणसाला औषध कधी मिळणार?

मिळालंय. आमच्या दादाच्या फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात आहे. दर पंधरा दिवसांनी पोटावर टोचून घेतो.

आमचे बाबा ४३व्या वर्षी गेले, धाकटे काका ४७व्या. घरात एकच वाक्य ऐकत मोठे झालो, "आपल्यात पुरुषांना आयुष्यच कमी." २०१७मध्ये दादाला ३९व्या वर्षी अटॅक आला. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी त्याच्या टाचेमागची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी) चिमटीत धरून पाहिली. तिथे टणक गाठी होत्या. चपलेनं घट्टे पडलेत असं आम्ही समजत होतो, बाबांनाही होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "वडील कितव्या वर्षी गेले?" त्या गाठी कोलेस्टेरॉल साचून झालेल्या. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २९० निघालं, खूपच जास्त. मग माझं तपासलं, २४०. या आजाराला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, म्हणजे घराण्यातून आलेलं जास्त कोलेस्टेरॉल. साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो आणि आईवडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. रक्तवाहिन्या तिशीतच साठीच्या होतात.

दादाला स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचा, पूर्ण डोस पुरेना, म्हणून हे इंजेक्शन. त्याची गोष्ट तुमच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. २००३मध्ये फ्रान्समधल्या अशाच काही कुटुंबांत पीसीएसके९ या जनुकात कोलेस्टेरॉल वाढवणारा बिघाड सापडला. पुढे अमेरिकेत उलटी माणसं सापडली, ज्यांचं हेच जनुक जन्मापासून अर्धं बंद. २००६चा अभ्यास सांगतो की अशा कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. निसर्गानंच प्रयोग करून ठेवला होता. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं २०१५मध्ये मंजूर झाली. बारा वर्षं. याला उशीर म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

वार्धक्याचं म्हणाल तर रॅपामायसिन या औषधानं उंदरांचं आयुष्य वाढलं, हे २००९मध्ये दिसलं. माणसाचं म्हातारपण लांबवण्यासाठी मंजूर झालेलं औषध आज एकही नाही. त्या नावानं कॅप्सूल विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

अडतं ते घरात. दादाची मुलगी बारा वर्षांची आहे. सात वर्षं मी म्हणतेय, तिचं कोलेस्टेरॉल तपासा. वहिनी म्हणते, "आत्ताच शिक्का बसला तर उद्या लग्नाचं काय?" दिवाळीत यावरून आमचं इतकं वाजलं की भाऊबीजेला मी गेले नाही. जनुकतपासणीसुद्धा नको, नेहमीच्या लॅबमधलं साधं लिपिड प्रोफाइल पुरे. बाबांच्या वेळी लोव्हास्टॅटिन हे पहिलं स्टॅटिन अमेरिकेत बाजारात येऊन सात वर्षं झाली होती, पण त्यांचं रक्त कुणी तपासलंच नाही. तुमच्या घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेलं असेल, तर आधी स्वतःचं आणि मग मुलांचं रक्त द्या. लग्न जमवणाऱ्यांना काय सांगायचं ते नंतर बघू.

हे इंजेक्शन महाग आहे, हे खरं. बहुतेकांचं गोळ्यांवरच भागतं, माझंही भागतंय. लहान मुलांना गोळी कधी सुरू करायची ते डॉक्टरच ठरवणार, आणि गरोदरपणात स्टॅटिन सहसा थांबवतात. म्हणजे पोरीला हे लग्नाआधी माहीत असायलाच हवं, वहिनी, लपवायला नव्हे.